तिसरी हाक

माझ्या सासरच्या गावात रानात शिरलं की कुणाला नावानं हाक मारायची नाही. कुणी मागं राहिलं, कुणी झाडीआड गेलं, तर तोंडाचा चंबू करून लांब 'कू' घालायची. ऐकणाऱ्यानं पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. तिसरी आली की मगच. कारण रानात चकवा असतो. तो माणसाला वाट चुकवून त्याच त्याच जागी फिरवत ठेवतो, आणि त्यासाठी ओळखीच्या आवाजात हाका मारतो. पण त्याला दोनच हाका मारता येतात. तिसरी मारतो तो माणूसच, कारण त्याचं काहीतरी अडलेलं असतं. हे तिथल्या पोरांना चालायला लागण्याबरोबरच शिकवलं जायचं.

माझं माहेर देशावरचं, सोलापूरच्या बाजूचं. आमच्याकडं रानात जाऊन येते म्हणजे ज्वारीच्या शेतात जाऊन येते. तिथं लपायला चकव्याला झाड सापडलं असतं तर त्याआधी आम्हीच त्याच्या सावलीला बसलो असतो. त्यामुळं लग्न होऊन खालापूरकडं आले आणि हा नियम पहिल्यांदा ऐकला, तेव्हा मी पोट धरून हसले. सासूबाई रागावल्या. हे मात्र माझ्याबरोबर हसले आणि म्हणाले, "तुझं बरंय. तू घरातसुद्धा माझं नाव घेत नाहीस. चकव्याला तुझ्याकडून काय मिळणार?"

ह्यांची सगळी नोकरी साजगावच्या एका कारखान्यात गेली. शिफ्टची नोकरी. रात्रपाळीहून आले की दिवसभर पडदे ओढून झोपायचे. शिळफाट्याला आमचं घर, खाली हायवे, समोर वडापावच्या गाड्या, ट्रकचे हॉर्न. डोंगर खिडकीतून दिसायचा, पण तो बघायला सवड कुणाला होती? मी घरात शिवणक्लास चालवायची, मशीनवरची मान वर व्हायची नाही. निवृत्तीनंतर ह्यांना साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला. दोन दिवस हे हायवेच्या कडेनं चालले आणि धुळीनं खोकत परत आले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चालायचंच आहे तर जिथं पाय शिकले तिथं चालू."

तिथं म्हणजे रानात. आणि बरोबर कोण, तर ह्यांची थोरली बहीण, माझ्या नणंदबाई. वन्सं लग्नानंतर काही वर्षांतच विधवा होऊन माहेरी परतलेल्या. कर्जतच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी, ह्यांच्याच गावात एकट्या राहायच्या. दोन खोल्या, एक म्हैस, परसात तोंडली-दोडक्याचे वेल. ह्यांना त्यांनी कडेवर खेळवलेलं, म्हणून साठीतल्या भावालाही त्या "पोरा, शेमूड पूस" म्हणतील असं वाटायचं. हे त्यांना आक्का म्हणायचे आणि त्यांच्यापुढं अगदी लहान व्हायचे.

असे आम्ही तिघं दर रविवारी निघायचो. ट्रेकिंगवाले आमच्या भागात सुट्टीच्या दिवशी ढिगानं येतात, पाठीवर मोठाल्या पिशव्या, हातात काठ्या, तोंडानं एकमेकांचं कौतुक. आमचं तसं काही नव्हतं. तास-दोन तास चालायचं, ऊन चढायच्या आत घरी. कधी पळसदरीकडचं तळं, कधी खालापूरच्या मागची पाणथळ. तिथली भातशेती विकून टाकलेली, प्लॉट पाडलेले, पण अजून कुणी बांधलं नव्हतं म्हणून पाणी साचून राहिलेलं आणि बगळे, वंचक तिथं निवांत उभे असायचे. प्लॉटवाल्यांच्या पाट्यांवर बसून खंड्या मासे टिपायचा. तेवढ्याच कामाला त्या पाट्या बऱ्या होत्या. पुढं तिथं भराव पडला आणि आम्ही जायचं सोडलं.

आमची खरी आवडती जागा मात्र चौकच्या बाजूला होती. जुन्या हायवेवरून डोंगराकडं वळलं की एक पाझर तलाव लागतो. बांधावर चढलं की एका अंगाला सांडवा, दुसऱ्या अंगाला झाडी. बांधाच्या टोकाशी पायवाट रानात शिरते, पाण्याच्या कडेकडेनं जाते आणि एका मोठ्या ऐनाच्या झाडाखाली खडक आहे तिथं येते. त्या खडकावर ह्यांचं ठाणं. मुलानं पुण्याहून एक दुर्बीण आणून दिली होती, ती डोळ्याला लावून कमळपक्षी बघत बसायचे. "ते बघ, पानावरून कसं चालतंय. बुडत नाही." दर वेळी हेच. मी म्हणायची, "मागच्या रविवारीही बुडालं नव्हतं." पण बघायची. खोटं कशाला सांगू, मलाही आवडायला लागलं होतं. भारद्वाजाचा आवाज मला तिथंच ओळखता आला. बांबूच्या बेटातून 'कूप, कूप' असा घुमतो, आणि पक्षी मात्र सहज दिसत नाही.

वन्संना पक्ष्यांचं काही नव्हतं. त्यांचं लक्ष खाण्याच्या वस्तूंवर. करवंदं, रानकेळीचं फूल, श्रावणात कंटोळी. खडकाच्या पलीकडं एक ओहोळ आहे आणि त्याच्या वरच्या उतारावर कंटोळ्याचे वेल माजतात. मधे करवंदाच्या जाळ्या, त्यामुळं सरळ जाता यायचं नाही. खाली पाणी उथळ आहे त्या उतारापर्यंत जायचं, ओहोळ ओलांडायचा आणि वळसा घालून वर चढायचं. वन्सं ओटी खोचून जायच्या आणि ओटी भरून यायच्या.

पहिल्या पहिल्यांदा मी एकदा मागं राहिले होते. चपलेत काटा गेला होता. मी 'कू' केली. काही नाही. माझा पारा चढला. दुसरी 'कू' केली. काही नाही. मग मी सरळ ओरडले, "अहो, बहिरे झालात का दोघं?" झाडाआडून हसण्याचा आवाज. दोघं दहा पावलांवर उभी होती. वन्सं म्हणाल्या, "अगं बाय, दोनदाच मारलीस नि भांडायलाच लागलीस. आमी कसं वळखायचं तू हायस का कोन हाय?" मी म्हणाले, "आवाजावरून!" तर म्हणतात कशा, "आवाज तर त्यो पन काढतो." दोघं बहीणभाऊ असे हसले की मलाही हसू आलं. मग मीही शिकले. लागोपाठ तीन घालायच्या, मधे श्वास घ्यायचा नाही. ह्यांची पद्धत वेगळी. पहिली घालायचे, थांबायचे, दुसरी, थांबायचे, मग तिसरी. ऐटीत.

मागच्याच्या मागच्या श्रावणात एका रविवारी आम्ही असेच गेलो. माझे गुडघे धरलेले. मी म्हणाले, मी बांधावरच बसते, थालीपीठं आणि चहा सांभाळते, तुम्ही जाऊन या. तळं काठोकाठ भरलेलं, सांडव्यावरून पाणी कोसळत होतं. शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये इतका आवाज. मी खडकाकडं पाहत होते, पण मधे झाडी होती. मोबाइलला तिथं रेंज नसते. हे म्हणाले होते, लगेच येतो, चहा ओतू नकोस. मी वाट बघून बघून मनातल्या मनात चिडले. पक्षी बघायला लागले की ह्यांना बायको आठवत नाही, असं काहीतरी स्वतःशी बोलत होते.

मग बांधाच्या टोकाला वन्सं दिसल्या. पळत येत होत्या. डोक्यावरचा पदर गेला होता, ओटीतली कंटोळी वाटेभर सांडत होती. आणि त्या मला नावानं हाका मारत होत्या. रानात त्यांनी कुणाला नावानं हाक मारलेली मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. माझं नाव त्या आवाजात ऐकलं आणि मला पुढचं सगळं कळलं.

जवळच्या वाडीतली माणसं धावून आली. घोंगडीची झोळी केली, ह्यांना रस्त्यापर्यंत आणलं. एका टेंपोवाल्यानं माल तिथंच उतरवून आम्हाला घेतलं. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि मान हलवली. हार्ट अटॅक. मोठा होता, म्हणाले. मग दाराशी उभ्या एका माणसानं, तो कोण होता देव जाणे, सहज म्हणावं तसं म्हटलं, "थोडं आधी आणायला हवं होतं." असं सगळेच म्हणतात. गेलेल्या प्रत्येक माणसाला थोडं आधी आणायला हवं असतं. पण ते वाक्य माझ्या कानात जाऊन बसलं.

दिवसांत घरी बायका येऊन बसायच्या. गावाकडच्या, सासरच्या भावकीतल्या. वन्सं कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेल्या असायच्या, पाण्यालाही उठायच्या नाहीत. एके दुपारी कुणीतरी विचारलं, तुम्ही जवळच होतात ना? आणि वन्सं बोलल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"दोन हाका आल्या व्हत्या," त्या म्हणाल्या. "मी वर वेलाजवळ व्हते. पयली आली. मी हात थांबवला. दुसरी आली, जरा बारीक आली. मी तिसरीची वाट बघत ऱ्हायले."

मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी म्हणेल. बोल लावेल, निदान कपाळावर हात मारेल. तर समोरच्या एका म्हाताऱ्या काकूंनी मान डोलवली आणि म्हणाल्या, "रानात तसंच करत्यात बाय. तू काय वंगाळ नाय केलंस." दुसरीनंही मान डोलवली. तिसरीनं पण. एवढ्या बायका बसल्या होत्या आणि एकीलाही ह्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्या अंगाची आग झाली. मी कधी आयुष्यात वन्संना उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"तुमच्या चकव्याला दोनच हाका मारता येतात ना वन्सं?" मी म्हणाले. "माझ्या नवऱ्यालाही दोनच मारता आल्या."

वन्संनी माझ्याकडं पाहिलं. तेरावा झाल्यावर आपली पिशवी उचलली आणि एसटीनं गावी गेल्या. मी त्यांना जिन्यापर्यंतही सोडायला गेले नाही.

मला त्याचा पस्तावा झाला असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. पण नाही झाला. मला राग होता आणि तो राग मला हवा होता. सकाळी उठून करायला माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. दुपारी क्लासच्या मुली यायच्या, त्यांच्या कटोरी ब्लाउजची मापं चुकायची, मी त्यांच्यावर ओरडायची. रविवारी सवयीनं लवकर जाग यायची. थर्मासमध्ये चहा भरायची आणि मग तो ओट्यावर ठेवून त्याच्याकडं बघत बसायची. मुलगा फोनवर म्हणायचा, पुण्याला ये. मी म्हणायची, येईन. आत्याची चौकशी करायचा तो. मी म्हणायची, असेल बरी.

पुढचा श्रावण आला. एका रविवारी दुपारी दार उघडलं तर कडीला पिशवी लटकलेली. आत कंटोळी. कोवळी, हिरवीगार, काटे अजून मऊ. बेल वाजली नव्हती. खाली वाकून पाहिलं तर जिन्यात कुणी नाही. मला समजायचं ते समजलं. ती कंटोळी कुठल्या वेलाची होती तेही समजलं. मी पिशवी तशीच शेजारच्यांना देऊन टाकली. पुढच्या रविवारी पुन्हा. तीही दिली. शेजारीण म्हणाली, "काकू, एवढी छान भाजी, तुम्ही नाही खात?" मी म्हणाले, मला कडू लागते. ती माझ्याकडं बघतच राहिली, कारण कंटोळी कडू नसतात, ती कारली.

तसा तो श्रावण गेला. ह्या वर्षीच्या श्रावणात मात्र पिशवी आली नाही. पहिला रविवार गेला, दुसरा गेला. मला बरं वाटायला हवं होतं. मी दोनदा दार उघडून कडी पाहिली. तिसऱ्या रविवारी सकाळी मी साडीवर जुने बूट घातले आणि शिळफाट्यावर जाऊन चौकच्या मिनीडोरमध्ये बसले.

कशाला चालले होते? मी स्वतःला सांगितलं होतं की हे जिथं बसले होते ती जागा पुण्याला जायच्या आधी एकदा बघायची आहे. मुलाला मी दिवाळीनंतर येते असं सांगून टाकलं होतं. तेव्हा हे खरंच होतं. पण पिशवी का आली नाही ही काळजीही खरी होती. वन्सं पडल्या असतील का, आजारी असतील का. कुणाला फोन करून विचारायचं म्हटलं तर विचारायला तोंड नव्हतं.

बांधावर पोरंपोरी आलेली. स्पीकर लावलेला, चिप्सच्या पिशव्या, एक जण पाण्याच्या अगदी कडेला उभं राहून फोटो काढत होता. मी त्याला दरडावलं. तो हसून बाजूला झाला. सांडवा त्या वर्षीसारखाच कोसळत होता. त्या दिवशी मी ज्या दगडावर बसले होते तो दगड पाहिला आणि पुढं चालू लागले.

श्रावणात पायवाटा राहत नाहीत. पंधरा दिवस कुणी फिरकलं नाही तर रानमोडी आणि तेरडा वाट गिळून टाकतात. मी मनाची तयारी केली होती की खडकापर्यंत काही जाता यायचं नाही. तर वाट मोकळी. दोन्ही बाजूंचं रान कोयत्यानं छाटलेलं, कुठं जुनी छाट, कुठं अगदी ताजी, चीक अजून ओला. माझ्या मनात पहिलं आलं ते हे की इथंही प्लॉट पडणार. मेले इथंही पोचले! मी तणतणतच खडकापाशी आले.

ऐन तसाच होता. खडक ओला होता. मी त्यावर हात ठेवला. बराच वेळ काही वाटलंच नाही, नुसता गार दगड. तळ्यात कमळपक्षी पानांवरून चालत होता. ते बघ, बुडत नाही, असं मी मोठ्यानं म्हणाले आणि मग मला रडू फुटलं. घरात रडले होते, पण असं नाही. इथं ऐकायला कोणी नव्हतं.

डोळे पुसून मान वर केली तेव्हा ते दिसलं. खडकाच्या पलीकडं करवंदाच्या जाळ्या होत्या, जिथून कधीच जाता यायचं नाही, तिथं वाट होती. कुणीतरी जाळ्या तोडून, ओहोळात पाय ठेवायला दगड टाकून, पलीकडच्या उतारावर सरळ वर वाट काढली होती. कंटोळ्याच्या वेलांपासून थेट ह्या खडकापर्यंत. वळसा नाही, उतार गाठणं नाही. एका माणसाच्या रुंदीची, दोरी धरल्यासारखी सरळ. प्लॉटवाले कशाला असली वाट काढतील? ती दुसरीकडं कुठं जातच नव्हती.

वरून कोयत्याचा आवाज येत होता. एक घाव, मग थांबा, मग एक घाव. म्हाताऱ्या हाताचा आवाज.

मला 'वन्सं' म्हणून हाक मारता आली असती. पण पाय त्या रानात होते. तोंडातून 'कू' निघाली. एकच. तीसुद्धा फुटकी.

"ओऽऽ!"

माझी हाक संपायच्या आत ती ओ आली. आणि तिच्यामागून झाडी तुडवत कुणीतरी धावत खाली येऊ लागलं. दगड गडगडले. "आले, आले, आले रं," असा आवाज, धापा टाकत. वन्सं ओहोळातल्या दगडांवरून घसरल्या, गुडघ्यावर पडल्या, उठल्या आणि कोयता हातात तसाच घेऊन माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हातांवर ओरखडे. पायात चप्पल नाही. त्यांनी आधी खडकाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. त्या एका क्षणात त्यांच्या तोंडावर जे होतं आणि मला पाहून जे मावळलं, ते मी विसरू शकत नाही. माझा सगळा राग त्यात कुठं गेला ते मला कळलं नाही.

"तू हायस व्हय," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मी त्यांच्या हातातून कोयता काढून घेतला. त्यांचा गुडघा फुटला होता, तो माझ्या पदरानं पुसला. किती वाळल्या होत्या! ह्या वर्षी ताप धरला होता म्हणाल्या, महिनाभर उठता आलं नाही, म्हणून भाजी आणायची राहिली. म्हैस विकून टाकली. बरं वाटल्यावर आधी इथंच आल्या, रान वाढलं असेल म्हणून. मी विचारलं, "पहिल्याच हाकेला कशी ओ दिलीत वन्सं?"

त्या तळ्याकडं बघत म्हणाल्या, "आता पयलीलाच देते. कुनाचीबी असू दे. गुराखी बोंबलू दे, ती बांधावरची पोरं किचाळू दे, मी ओ देते. लोकं येडी म्हनत्यात. म्हनू दे. चकवा असंल तर नेऊ दे मला कुठं न्यायचा त्यो."

मग त्यांनी मला ते सांगितलं जे दिवसांत सांगितलं नव्हतं. दुसऱ्या हाकेनंतर त्या थांबल्या. तिसरी येईना. त्यांना वाटलं, आता येईल, ह्याची ऐटच तशी, पोरपणापासून अशीच थांबून थांबून मारतो. मग जीव राहीना म्हणून नियम मोडून, तिसरी न ऐकताच निघाल्या. पण मधे त्या जाळ्या. वळसा घालून येईस्तोवर वेळ गेला. हे ऐनाला पाठ टेकून बसले होते. दुर्बीण मांडीवर होती.

"तोंड कसं व्हतं सांगू?" वन्सं म्हणाल्या. त्यांनी आपल्या सुरकुतलेल्या ओठांचा चंबू केला. 'कू' घालायला करतात तसा. "तिसरी मारायलाच घेतली व्हती गं त्यानं. वठातच ऱ्हायली. मीच शिकवली व्हती त्याला, कडंवर घिऊन. तीन झाल्याबिगर कोन येत नाय, म्हनून सांगितलं व्हतं. त्यानं माझं ऐकलं. आक्का धाव म्हनून वरडला नाय. त्यानं माझंच ऐकलं."

मी त्यांना जवळ घेतलं. आमच्यात असं कधी नव्हतं, थोरल्या नणंदेला कोण असं जवळ घेतं? अंगाला ताप अजून होता. त्या रडत नव्हत्या, नुसत्या हलत होत्या. मी त्या काकूंसारखं म्हणू पाहिलं, की तुम्ही काही वाईट केलं नाहीत. ते तोंडातून निघेना. खरं सांगायचं तर ते मला आजही म्हणता येत नाही. हे गेले, आणि ती हाक ऐकून कुणी लगेच धावलं नाही, एवढं खरं आहे आणि ते तसंच राहणार. पण ह्या बाईनं वर्ष-दोन वर्षं एकटीनं जाळ्या तोडून ही वाट केली होती, आणि मी तिची कंटोळी शेजारणीला देत होते. मला माझी लाज वाटली नाही, मला तिची दया आली, आणि तिच्याइतकीच माझी.

ऊन वर आलं. मी म्हणाले, "चला वन्सं, घरी चला. आज माझ्याकडं राहा." त्या म्हणाल्या, वेलावर चार कंटोळी ऱ्हायलीत. आम्ही दोघी त्या सरळ वाटेनं वर गेलो आणि काढून आणली. माझे गुडघे बोलत होते, पण वाट खरंच जवळची होती. इतकी जवळची की चढताना मागं वळून पाहिलं तर खडक हाकेच्या अंतरावर होता. मी पुन्हा मागं पाहिलं नाही.

परत निघालो तेव्हा वन्सं पुढं, मी मागं, कोयता माझ्या हातात. बांबूच्या बेटाजवळ आलो आणि आतून आवाज घुमला. कूप, कूप.

वन्सं जागच्या जागी थांबल्या. बेटाकडं तोंड करून हळूच म्हणाल्या, "ओ."

वन्सं, भारद्वाज आहे तो, असं माझ्या ओठांवर आलं होतं. ह्यांनीच मला दाखवला होता. पण वन्संनी वळून माझ्याकडं पाहिलं आणि त्याच म्हणाल्या, "ठावं हाय मला, पाखरू हाय. पन आता मी हाका मोजत नाय."

आम्ही उभ्या राहिलो. बांधावरचा स्पीकर बंद झाला होता, पोरं बहुतेक जेवायला गेली असावीत. वाऱ्यानं बांबू करकरले. थोड्या वेळानं बेटातून पुन्हा आवाज आला.

ह्या वेळी मी ओ दिली.